दगड कुठून आणला?

शनिवारी ऑत्तावियोला एकच काम होतं. डोरा नदीच्या पलीकडे, चढावर, जुन्या सरदाराच्या किल्ल्याची पडकी भिंत आहे. तिथून डोक्याएवढा एक दगड काढून आणायचा. रविवारी सकाळी नगरप्रमुखाचा वेश घेतलेला माणूस पुलावर नदीकडे पाठ करून उभा राहतो, तुझा किल्ला आमच्या या इव्रेया गावात पुन्हा उभा राहू देणार नाही अशी शपथ घेतो आणि तो दगड डोक्यावरून मागे पाण्यात फेकतो. इतकी शतकं फेकतोय, तरी भिंत शिल्लक आहे. सरदार कसाही असो, बांधकाम पक्कं करून घ्यायचा.

एव्हासियो गवंडी जिवंत होता तोवर दगड आणायचं काम त्याचं. तो गेल्यापासून ते वस्तीतल्या सगळ्यात नव्या नवऱ्याच्या गळ्यात पडतं. यंदा लग्न आमचं ताजं. म्हणून दगड ऑत्तावियोने आणायचा आणि सोमवारी सकाळी चौकात, जिथे कार्निव्हलचा उंच खांब पुरतात, तिथे पहिली कुदळ मी मारायची. मंगळवारी तो खांब जाळला की सण संपला.

ऑत्तावियो बघता बघता परत आला. "झालं," म्हणाला. पोत्यात गुंडाळलेला दगड जिन्याखाली ठेवला आणि बूट काढून शेगडीपाशी उभे केले. मी बुटांकडे पाहिलं. नवऱ्याकडे बघायची नवलाई ओसरली की बायको त्याच्या बुटांकडे बघायला लागते. फेब्रुवारीत त्या चढावर घोट्यापर्यंत चिखल असतो. बूट कोरडे होते. पुसून आला असेल, शहाणा आहे, असं मला वाटलं. लग्न अजून तेवढं नवं होतं.

रविवारी दगड फेकून झाला, दुपारी संत्र्यांची पहिली लढाई झाली, आणि रात्री आम्ही सगळे स्वयंपाकघरात जमलो. गावाला संत्र्यांच्या सालींचा आणि घोड्यांच्या लिदीचा वास येत होता. ऑत्तावियोचा उजवा डोळा सुजून बंद झालेला. त्याची बहीण नोरा हिचा ओठ फाटलेला, तरी तोंड चालूच. सेकोंदोकाका, म्हणजे माझे चुलतसासरे, डुकराच्या चामडीत शिजवलेल्या घेवड्याचं ताट पुढ्यात घेऊन बसले होते. टेबलावर कुदळ होती. ती सांभाळते बेकरीवाली देल्फीना. संध्याकाळी तिनेच आणून दिली. फार बोलणारी बाई नाही. एवढंच म्हणाली, "आज रात्री जिन्याखाली ठेवू नकोस, पोरी. हाताशी ठेव."

नोराने कुदळ उचलून दिव्यापाशी धरली. "काका, हिचं टोक तुटलंय. वहिनीला अख्खी कुदळ तरी द्यायची. बिचारी आधीच आमच्या घरात पडलीय."

"ती बदलायची नसते," काका म्हणाले.

"का?"

काकांनी घेवडा संपवला. पावाने ताट पुसून घेतलं. खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधार पडून बराच वेळ झाला होता.

"सांगतो. पण मधे बोलायचं नाही. नोरा, हे तुला."

"मी कधी बोलते?"

"हे बघ, सुरू झाली."

मग काका सांगू लागले.

"अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय. उरलेलं एव्हासियोने सांगितलं, आणि तो माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला. त्या एकदाचीच ही गोष्ट.

"साल दोन हजार बारा. थंडी अशी, की डोरेच्या दोन्ही कडांना बर्फ. एव्हासियोची एकुलती एक पोर देल्फीना. जानेवारीत तिचं लग्न आर्तूरोशी झालं होतं. म्हणजे त्या वर्षीची नवी नवरी तीच. घरी पाहुणे, घेवड्याच्या हंड्या चुलीवर, बापाचे पाय जमिनीला लागत नव्हते. शनिवारी पहार, हातोडा आणि पोतं घेऊन तो किल्ल्याकडे गेला. भिंतीतला चुना गोठून लोखंड झालेला. पहार घातली, ती निसटली, याची पोटरी सोलली. त्याने सरदाराला शिव्या घातल्या. मग सरदाराच्या आईला. मग घोड्याला. आणि रिकाम्या हाताने खाली उतरला.

"वाटेत कालव्याच्या काठी पडक्या गिरणीचं जोतं होतं. आता झुडपांनी झाकलंय, तेव्हा दिसायचं. तिथे एक दगड सुटाच पडलेला. चौकोनी, देखणा. एव्हासियोने इकडेतिकडे पाहिलं. दगड तो दगड, कोण विचारतंय? उचलला आणि घरी आला.

"ती गिरणी कुणाची होती, सूनबाई?"

"गिरणीवाल्याची," नोरा मधेच म्हणाली. "ज्याच्या पोरीने सरदाराचं मुंडकं उडवलं."

आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. गावातल्या प्रत्येक नव्या नवरीची पहिली रात्र सरदाराची, असा त्याचा कायदा. गिरणीवाल्याची पोर केसांत खंजीर लपवून किल्ल्यावर गेली आणि पहाटे त्याचं मुंडकं हातात धरून सज्जात आली. हा सगळा सण तिचा. दर वर्षी गावातली एक बाई पांढरे कपडे घालून तिच्या नावाने मिरवते.

"मग आता विचार करा," काका म्हणाले. "त्या रविवारी पुलावर शपथ कुणाविरुद्ध घेतली गेली? तिच्याविरुद्ध. तिचंच घर पुन्हा उभं राहू देणार नाही म्हणून. आणि सरदार? त्याला त्या वर्षी कुणी काही म्हटलंच नाही.

"मी कठड्यापाशी होतो. दगड गेला. माणूस आपोआप कान देतो, डुबुक होण्याकडे. झालं नाही. मी खाली वाकून पाहिलं. पाणी वाहत होतं. 'बर्फावर पडला असेल,' एव्हासियो म्हणाला. बर्फ कडेला होता. दगड मधोमध टाकला होता."

ऑत्तावियो पावाचा तुकडा बोटांनी चुरत होता.

"दुपारी लढाई. मी तेव्हा गाडा हाकायचो. आमच्याकडे नाकं फुटतात, डोळे सुजतात, रस आणि रक्त एकत्रच पुसायचं असतं, त्यात नवल नाही. गाड्यावरचे वरून मारतात, रस्त्यावरचे खालून मारतात, आणि संध्याकाळी ज्याने दात पाडला तोच दारू पाजतो. नियम दोनच. गाड्यावरच्याने मुखवटा काढला, की त्याला मारायचं नाही. आणि लाल टोपी घालून बघत उभा असेल, त्याला मारायचं नाही. दूधपितं पोरही हे जाणतं.

"चौकात एक गाडा आला. काळे घोडे, जोडी. गळ्यात घुंगरं नाहीत. बाकी गाड्यांवर माणसं दाटीवाटीने उभी असतात. यावर एकच. आणि मुखवटा चामड्याचा नव्हता. लोखंडाचा, पुढे जाळी. मला वाटलं, दुसऱ्या वस्तीतला कुणी शौकीन असेल. आमच्या पोरांनी त्याच्यावर संत्र्यांचा मारा केला. चांगला, जवळून. तो वाकला नाही. हात वर केला नाही. पोरं थोडी थकली, तेव्हा त्याने सुरुवात केली.

"पहिलं संत्रं एका पोराच्या जबड्यावर बसलं. अक्रोड फुटावा तसा आवाज झाला. पोरगं उभंच होतं, तोंड मात्र एका बाजूला लोंबत होतं. दुसरं एकाच्या हातावर. हाड कातडीतून बाहेर आलं. आणि मग त्याने रस्त्यावरचे सोडले... आणि लाल टोप्या बघून मारायला लागला. एक म्हातारी दारात उभी होती, टोपी घालून, नातवाला कडेवर घेऊन. तिच्या कपाळावर. तिने पोराला सोडलं नाही, तशीच खाली बसली, आणि पोराच्या अंगावर वरून रक्त गळत राहिलं. लोक ओरडायला लागले. 'नियम! नियम पाळ रे भडव्या!' त्याने ऐकल्यासारखं केलं नाही.

"देल्फीना आर्तूरोबरोबर पाण्याच्या हौदापाशी होती. गाडा तिच्यासमोर थांबला. मी म्हटलं, संपली पोर. तर त्याने हातातलं संत्रं खाली टाकलं. आणि तिला वाकून नमस्कार केला. दरबारात करतात तसा. लोक हसले. मी हसलो नाही. ते संत्रं घरंगळत माझ्या चाकापाशी आलं, चाकाखाली फुटलं. रस निघाला नाही. आत कोरडं. भुकटी. जुन्या भिंतीतला चुना असतो ना, तसली.

"संध्याकाळी सगळ्या वस्त्यांत विचारलं. तो गाडा कुणाचाच नव्हता."

नोरा काही बोलली नाही. हे मी नमूद करते, कारण या घरात असं सहसा होत नाही.

"सोमवारी सकाळी चौकात देल्फीना उभी राहिली. ही यंदाची सगळ्यात नवी नवरी, असं सगळ्या गावासमोर मोठ्याने जाहीर झालं. तिने कुदळ मारली. तो खड्डा दर वर्षी खणतात, तिथे माती भुसभुशीत. त्या दिवशी कुदळ दगडावर बसली. ठिणगी उडाली. एव्हासियो मागे उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. मेणासारखा. मी विचारलं, 'काय झालं रे?' तो म्हणाला, 'थंडी.'

"थंडी! त्याच वेळी बोलला असता, तर...

"सोमवार, वीस फेब्रुवारीची रात्र. बर्फ भुरभुरत होता. आर्तूरोचं घर कालव्याजवळच्या गल्लीत, पुढे ओटा, मग दार, आत स्वयंपाकघर. रिवाजाप्रमाणे सण संपेपर्यंत कुदळ नवरीच्या घरी. एव्हासियो आपल्या घरी बिछान्यात. झोप नाही. पोटरीची जखम ठणकत होती. शेवटी उठला. पोरीला जाऊन सांगावं, दगड चुकला म्हणून. ती हसेल. शिव्या देईल. निदान सांगून होईल.

"गल्लीच्या तोंडाशी त्याला बर्फात टापांचे ठसे दिसले. दोन घोडे. दाराकडे गेलेले. घोडे नव्हते. परतीचे ठसे नव्हते.

"दार आत पडलं होतं. बिजागऱ्यांसकट.

"आर्तूरो फरशीवर होता. त्याचा चेहरा एव्हासियोने ओळखला नाही. सदऱ्यावरून ओळखलं. दात फरशीवर पांढरे पडलेले. त्याने त्या... त्या माणसाचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. आणि तो दुसऱ्या पायाने त्याला तुडवत होता. सावकाश. द्राक्षं तुडवतात तसा. आर्तूरोच्या बरगड्या वाजत होत्या. तो सोडत नव्हता.

"देल्फीना चुलीपाशी. तिचे केस त्याच्या मुठीत. मूठ लोखंडाची. डोकं इतकं मागे ओढलेलं, की गळ्याच्या शिरा दिसत होत्या. ती ओरडत नव्हती. दात आवळून, चुलीच्या कोपऱ्याकडे हात लांबवत होती.

"एव्हासियोने कमरेला नेहमी असायचा तो हातोडा घातला. पाठीत. गवंड्याचा हात, आयुष्यभर दगड फोडलेला. घंटेवर मारल्यासारखं वाजलं. त्याने मागे न बघता एक झटका दिला, आणि एव्हासियो कपाटावर जाऊन आदळला. खांदा निखळला.

"मग तो बोलला. मुखवट्यातून. एव्हासियो म्हणायचा, आवाज खालून येत होता. विहिरीतून येतो तसा. म्हणाला... 'ती नदीत आहे. आता कोण अडवणार?'

"बस. एवढंच."

शेगडीत लाकूड तडकलं. नोराने माझा हात धरला. तिची बोटं गार होती. माझीही असावीत.

"एव्हासियो फरशीवरून ओरडला. 'दगड तिचा होता! तुझा नव्हे, तिचा! मी आणला! मला घे!'

"तेव्हा तो वळला. हसत होता की काय, जाळीतून दिसलं नाही. पण वळला. मूठ जराशी सैल पडली.

"देल्फीनाचा हात कुदळीला लागला होता.

"पहिला घाव मानेवर. वाजलं. काही नाही.

"दुसरा... तिचे केस त्याच्या मुठीत तुटून राहिले. कातडीसकट.

"तिसऱ्याला कुदळ आत गेली. तिने पाय त्याच्या छातीवर रोवला. आणि पिळली.

"टोक तुटलं.

"मुंडकं पडलं.

"रक्त नाही. एक थेंब नाही. ते घरंगळत एव्हासियोच्या गुडघ्यापाशी आलं. त्याने वर पाहिलं. धड नव्हतं. कपडे नव्हते. नुसती उघडी चौकट, आणि बाहेर बर्फ. त्याने मुखवट्याकडे पाहिलं. आणि मुखवटा..."

काका थांबले. पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला.

"दगड होता. डोक्याएवढा. एका बाजूला जुना चुना लागलेला. किल्ल्याच्या भिंतीतला."

ऑत्तावियोने पावाचा चुरा बोटाने एकत्र केला.

"एव्हासियोने तो एका हाताने छातीशी धरला, दुसरा हात लोंबत होता. तसाच पुलावर गेला. नदीकडे पाठ केली. शपथ घेतली. फेकला. डुबुक झालं. मग तिथेच बसला आणि लहान पोरासारखा रडला. उजाडताना घोड्यांना वैरण घालायला चाललेलो मी, मला तो तिथे सापडला. त्याला घेऊन मी त्या घरात गेलो. दार पडलेलं मी पाहिलंय. फरशीवरचे दात मी गोळा केलेत. देल्फीनाच्या डोक्याला फडकं बांधलंय. केस तिथे पुन्हा आले नाहीत, म्हणून ती बेकरीतसुद्धा रुमाल सोडत नाही. आर्तूरो आजही एकाच बाजूने चावतो. विचारलं तर म्हणतो, संत्रं लागलं.

"कुदळीचं टोक खूप शोधलं. सापडलं नाही. पुढे मरेपर्यंत एव्हासियोने दगड किल्ल्यावरूनच आणला. एक वर्षी ताप होता, तरी रांगत गेला."

काका खुर्ची मागे सारून उठले. कोट घातला, लाल टोपी चढवली. दारापर्यंत गेले आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"दगड कुठून आणलास रे, ऑत्तावियो?"

"किल्ल्यावरून. आणखी कुठून?"

"चिखल असेल वर."

"होता की. भरपूर."

हे तो पावाच्या चुऱ्याकडे बघून म्हणाला.

"आणि सकाळी डुबुक झालं का?" नोराने विचारलं. "मी लांब होते."

"बँड वाजत होता," ऑत्तावियो म्हणाला. "बँड वाजत असताना काय ऐकू येणार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेगडीजवळ कालपासून तसेच उभ्या असलेल्या बुटांकडे. म्हातारा माणूस, पण नजर शाबूत आहे. "झोपा आता," म्हणाले आणि गेले. नोराही त्यांच्याबरोबरच निघाली. दोन घरं सोडून राहते, पण आज तिला सोबत हवी होती.

आम्ही अंथरुणावर पडलो. ऑत्तावियो भिंतीकडे तोंड करून. झोपलेल्या माणसाचा श्वास आणि झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाचा श्वास यांतला फरक ओळखता येण्याइतकं आमचं लग्न आता जुनं झालं होतं. मी वाट पाहिली. तो बोलेल म्हणून. उद्या सकाळी सगळ्या गावासमोर माझं नाव पुकारणार होते. नवी नवरी कोण, हे ज्याला ऐकायचं असेल त्याला ऐकू जाणार होतं.

तो बोलला नाही. माझ्या मनात त्याचा चेहरा आला, सदऱ्यावरून ओळखावा लागेल असा. भांडायची इच्छाच राहिली नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "बूट घाल. किल्ल्यावर जायचंय."

तो वळला. अंधारात त्याचा एक उघडा डोळा दिसत होता.

"आत्ता?"

"आत्ता. उजाडायच्या आत दगड काढायचा आणि पुलावरून टाकायचा. शपथ मी घेईन."

का, असं त्याने विचारलं नाही. मला तेवढं उत्तर पुरलं.

त्याने पहार घेतली. मी टेबलावरची कुदळ घेतली. हलकी वाटली मला, वाटली होती त्यापेक्षा. जिना उतरताना तो हळूच म्हणाला, "वर फार चिखल होता गं. आणि लढाईला उशीर होईल असं वाटलं."

"लढाई दुसऱ्या दिवशी होती," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

कडी काढली, दार उघडलं. गल्ली संध्याकाळीच पाण्याने धुवून काढलेली, दगडी फरशी काळी, ओली चमकत होती. साली नाहीत, लीद नाही. फक्त आमच्या पायरीवर, अगदी मधोमध, एक संत्रं ठेवलेलं होतं.

ऑत्तावियोने सवयीने ते लाथाडलं. समोरच्या भिंतीवर आदळून ते फुटलं.

रस निघाला नाही.